वेतोबाचं पायताण, सुपरमॅनचा बूट

दक्षिण कोकणातल्या आरवलीच्या वेतोबापुढे चपलांचे जोड मांडलेले असतात. वेतोबा म्हणजे वेताळ, गावाचा राखणदार; रात्री तो याच चपला घालून हद्दीत फिरतो आणि त्या झिजतात, असं लोक मानतात. म्हणून हे जोड नवसाचे. आपले दोन्ही पाय एकाच चपलेत मावून वर जागा उरेल एवढे मोठे, जाड चामड्याचे. शेजारी केळ्यांचे घड, आणि तेलवात, पिकतं केळं नि चामडं यांचा मिळून झालेला एक वास, जो दुसऱ्या कुठल्या देवळात येत नाही. परवा पाच-सहा वर्षांचा एक मुलगा त्या चपलांपुढे उकिडवा बसला होता. अंगात धुऊन धुऊन विटलेला निळा टी-शर्ट, छातीवर लाल-पिवळा एस. त्यानं एकदा मान वर करून मूर्तीकडे पाहिलं, एकदा चपलांकडे, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, ह्यो उडना नाय?" म्हाताऱ्यानं डोळे न उघडताच सांगितलं, "उडलो असतो तर पायताणां कशाक झिजली असती?" मुलाला ते काही पटलं नाही. छातीवरच्या अक्षरावर पंजा ठेवून तो म्हणाला, "ह्यो उडता." म्हातारा पुन्हा गाऱ्हाण्यात शिरला आणि ते बोलणं तिथंच राहिलं. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, कारण त्या वादात आजोबांच्या बाजूनं सांगण्यासारखं एक होतं आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

तो एसवाला, म्हणजे सुपरमॅन, तोही सुरुवातीला उडत नव्हता.

१९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी तो आणला तेव्हा त्याची उडी होती एक अष्टमांश मैल, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण दोनशे मीटर. आगगाडीपेक्षा वेगात धावायचा आणि तोफेचा गोळा फुटल्याशिवाय त्याची कातडी फाटायची नाही. म्हणजे गोळा फुटला तर फाटली असती, हे त्यातच आलं. आणि पायांचं म्हणाल तर सुरुवातीच्या आराखड्यांत त्याला सर्कशीतल्या पैलवानासारख्या, पोटरीपर्यंत पट्टे गुंडाळलेल्या चपला होत्या. लाल बूट मागाहून आले. उडीवाला हिरो काढणं चित्रकाराला कष्टाचं असतं. जिथून सुटला ती जमीन दाखवायची, जिथं उतरणार ती जमीन दाखवायची, मधल्या चौकटीत गुडघे दुमडायचे. त्यात कौलं, गच्च्या, तारा, खालून वर बघणारी माणसं. केप आली ती याच गरजेतून. चित्रातलं अंग हललेलं दिसत नाही, पण मागचं कापड फडकत ठेवलं की वेग डोळ्यांना कळतो. पुढे १९४० मध्ये तो रेडिओवर आला. तिथं उडी ऐकवणार कशी? वाऱ्याचा सूंsss आवाज काढला की माणूस उडाला. पुढच्याच वर्षी कार्टूनपट आले, आणि पडद्यावर टोळासारखा टुणटुणत जाणारा हिरो कुणाला नको होता. उड्डाणाला जमीन लागत नाही, नुसता निळा पट्टा पुरतो. तसा तो जमिनीवरून सुटला तो सुटलाच.

जमीन सुटली तशी त्याची शीवही सुटली. कोकणातल्या देवाला शीव असते. हा गाव याचा, ओहोळापलीकडचा त्याचा. राखणदार आपल्या हद्दीत फिरतो, दुसऱ्याच्या हद्दीत नाक खुपसत नाही. पहिल्या अंकातल्या सुपरमॅनची कामं बघा: फाशीच्या दारातल्या निरपराध बाईसाठी तो रात्री थेट गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, सेनेटरला फितवणाऱ्या दलालाला उचलून टेलिफोनच्या तारांवरून पळवतो. तिसऱ्या अंकात खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून कामगारांची बाजू दाखवतो. आठव्यात तर गलिच्छ वस्ती स्वतःच पाडून टाकतो, का, तर सरकारला तिथं नवी घरं बांधावीच लागतील म्हणून! पंचायतीत उभं राहून भांडणाऱ्या गड्याचा हा कार्यक्रम आहे. वीस वर्षांनी हाच माणूस ग्रह इकडचा तिकडे ढकलत होता, आणि त्याच्या कथांतून भाडं, पगार, खाण हे शब्द जवळजवळ गेले होते. ताकद वाढली की काम मोठं लागतं. मग ते इतकं मोठं होतं की त्यात कुणाचंच घर दिसत नाही.

याला जबाबदार एकटी ताकद नव्हे. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असा गदारोळ उठला, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली गळ्यात बांधून घेतली. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा शिक्का. तो नसेल तर वितरक गठ्ठा उचलायला नाखूश. नियम असे, की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं दाखवायचं नाही, चांगल्याचा विजय दर वेळी झालाच पाहिजे, आणि चालती प्रेतं, पिशाच्च, रक्तपिपासू मंडळी तर बादच. (त्या नियमावलीत वेतोबाची स्वारी कव्हरावरच अडली असती.) आता सेनेटरच्या दलालाला उचलून पळवणारा हिरो या शिक्क्याखाली बसणार कसा? म्हणून पन्नाशीच्या दशकात गोरिला आले, परग्रहवाले आले, हिरोचं डोकं फुगून भोपळ्याएवढं झालं, असले प्रकार आले. लोक त्या कथांना हसतात. मला त्यांत चौकटीत अडकलेल्या कारागिराची हुशारी दिसते.

रंगांचीही एक गोष्ट आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. जुन्या कॉमिक्सचे रंग चित्रकाराच्या मनातून कमी आणि छापखान्याच्या तक्त्यातून जास्त आले. पिवळा, लाल, निळा. प्रत्येकाचे चार दर्जे: काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के, भरगच्च १००. चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ छटा, त्यावर काळा. रंगारी चित्राच्या छोट्या प्रतीवर जलरंग मारायचा आणि प्रत्येक भागावर बाण काढून सांकेतिक आकडा लिहायचा: वाय-२ आर-२ म्हणजे पिवळा २५, लाल २५, हा गोऱ्या कातडीचा रंग. त्या आकड्यांवरून प्लेटा बनायच्या, आणि वेगात फिरणाऱ्या यंत्रावर रद्दीच्या तोलाच्या कागदावर त्या उमटायच्या. प्लेट केसभर सरकली की ओठांचा लाल गालावर. म्हणून हिरो भरगच्च निळे-लाल-पिवळे: हे रंग चुकायला जागा नसते. खलनायकाच्या वाट्याला उरलेले हिरवे नि जांभळे. राखाडी सर्वांत घातकी, कारण तिन्ही रंग थोडे थोडे आणि अगदी तोलून पडावे लागतात. एक जरा जास्त झाला की राखाडी हिरवट होते, पुढच्या पानावर निळसर. १९६२ मध्ये हल्क पहिल्या अंकात राखाडी होता. अंकभर त्याचा रंग पानागणिक बदलत राहिला. दुसऱ्या अंकापासून तो हिरवा. एवढंच कारण. त्या हिरव्यावर पुढे मत्सर, विष, निसर्गाचा कोप असलं काय काय चिकटवलं गेलं.

तीच गत वेताळाची. आता इथं कोकणातला वाचक दचकतो, कारण १९६४ च्या मार्चपासून टाइम्सवाल्यांचे इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले, ते मराठीतही आले, आणि त्यात अमेरिकी लेखक ली फॉकच्या फॅण्टम या मुखवटेवाल्या हिरोला नाव मिळालं वेताळ! ज्यानं हे नाव दिलं त्याला दक्षिण कोकणातल्या पोरांची काय अवस्था होईल याची कल्पना असेल असं वाटत नाही. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला लटकलेल्या अंकावर वेताळ, आणि गावात रात्री चपला वाजवत फिरणाराही वेताळ. पण नाव बसलं फार छान. फॅण्टमला अंगची कुठलीही अद्भुत शक्ती नाही. तो उडत नाही. चालतो, घोड्यावर बसतो, जंगलाच्या हद्दीत राखण करतो. आणि तो मरतो. आपण वाचतो तो एकविसावा. वीस आधी होऊन गेले, मुलगा बापाचा पोशाख चढवतो आणि लोकांना वाटतं तोच तो, चारशे वर्षांचा. वंशपरंपरेनं मान सांभाळणाऱ्या गावकर-मानकऱ्यांच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. १९३६ मध्ये तो वृत्तपत्रात काळ्या-पांढऱ्यात सुरू झाला तेव्हा फॉकच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानावर आला तो जांभळा होऊन. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत नि ब्राझीलमध्ये लाल. ज्या छापखान्यात गेला तिथला रंग त्यानं घेतला. जंगलात लपून राहणाऱ्या माणसानं जांभळं का घालावं, यावर इंद्रजालचे आठशेच्या वर अंक निघाले तरी कुणी भांडलं नाही. भारतीय आवृत्तीत त्याचं जंगल 'डेंकाली' झालं. १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला: भगवा कुर्ता, जीन्स, डाकूंशी लढा, आणि गावातल्या माणसांना हाताशी धरून उभं केलेलं नागरिकांचं सुरक्षा दल. केप नाही, मुखवटा नाही. १९३८ च्या त्या भांडखोर गड्याचा खरा वारस मला तो वाटतो, जरी त्याला तसं कुणी म्हणत नाही.

तिकडे १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडरमॅन भाड्याच्या विवंचनेसकट आला. त्याच्याबद्दल इतकं लिहून झालंय की इथं एकच सांगतो. त्याचं जाळं शरीरातून येत नाही. मनगटाला बांधलेल्या यंत्रातून येतं, यंत्रात भरायच्या नळ्या असतात, आणि नळी ऐन लढाईत संपते. पोशाख फाटला की स्वतः सुई घेऊन बसावं लागतं. जमीन पुन्हा लागली, ती अशी. फक्त त्याला लटकायला न्यूयॉर्कसारख्या उंचीची गरज आहे. २००४ मध्ये त्याचा भारतीय अवतार पवित्र प्रभाकर निघाला, धोतर नेसलेला, तोही मुंबईतच ठेवावा लागला. आरवलीत तो लटकणार कशाला? माडाला? झावळीसकट खाली.

ली, डिट्को आणि हल्कचा चित्रकार जॅक कर्बी या मंडळींची काम करायची रीत दशावतार बघणाऱ्याला लगेच ओळखू येईल. पूर्ण संहिता लिहून द्यायला वेळ नसे. ली कथेचा सांगाडा सांगायचा, कधी कागदावर, कधी नुसता तोंडी. चित्रकार वीस-बावीस पानं आपल्या डोक्यानं रचून काढायचा, मारामारी किती पानं, कुणाचा चेहरा कधी मोठा, सगळं त्याचं. आणि मग ली त्या चित्रांत संवाद भरायचा. आपल्याकडे रात्री रंगपटात आख्यान ठरतं, राजपार्टीवाला नि खलपार्टीवाला आपापला रंग आपणच लावता लावता कुठून कुठे जायचं ते बोलून घेतात, आणि संवाद रंगमंचावर, पखवाजाच्या थापेसमोर सुचतात. फायदा दोन्हीकडे तोच: चपळाई. तोटाही तोच: उद्या विचारलं की हे वाक्य कुणाचं, हा प्रसंग कुणाचा, तर कागद नाही. दशावतारात ते वाद पारावर मिटतात. तिकडे कर्बी आणि डिट्को यांचं श्रेय किती, यावर पन्नास वर्षं मनं कडू झाली. बॅटमनच्या बाबतीत तर त्याचा सहनिर्माता बिल फिंगर याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. बॅटमन १९३९ चा.

वाचकानं हिरोला गाऱ्हाणं घालायची सोय होतीच. पत्रांचं पान असायचं, त्यात चुका काढणाऱ्यांची झुंबड. पण एकदा प्रकरण थेट कौलावर गेलं. आपल्याकडे देवाला पाकळ्या लावतात. बहुतेक ठिकाणी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि घरातल्या लग्नापासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळं त्या पाकळीवर ठरतं. १९८८ च्या सप्टेंबरात बॅटमनच्या प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले. बॅटमनचा पोरसवदा साथीदार रॉबिन, त्या नावाचा दुसरा, जेसन टॉड, स्फोटात सापडलाय. जगावा वाटत असेल तर हा नंबर, मरावा वाटत असेल तर तो. ३६ तास, एका फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. एकाच माणसानं कितीही वेळा फोन लावायला आडकाठी नव्हती. पाकळी पडताना निदान देव गप्प असतो. इथं पैसे भरून पाडायची सोय होती. त्या निकालाबद्दल मला अजून शरमल्यासारखं होतं, आणि अंक काढून बघावासाही वाटतो.

रॉबिनला मारण्याइतके वाचक कडवट का झाले होते? एक उत्तर दुकानात आहे. सत्तरच्या दशकापर्यंत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळायची, न खपलेली परत जायची, आणि पुढचा अंक त्याच पोराच्या हाती पडेलच याची खात्री नव्हती, म्हणून कथा एका अंकात संपवायची. मग खास कॉमिक्सची दुकानं निघाली. माल सवलतीत, पण परत नाही. तिथं येणारा गिऱ्हाईक मोठा, नोकरीवाला, आधीचं सगळं वाचलेला. दुसरं उत्तर कागदात आहे. रद्दीच्या तोलाचा न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका पसरतो. चार रंग भरगच्च एकावर एक घातले तर पान चिखल होतं नि समोरच्या पानाला डाग पडतो. म्हणून जुन्या बॅटमनची रात्र निळी होती. खरी काळीकुट्ट रात्र त्या कागदाला परवडतच नव्हती. १९८६ मध्ये फ्रँक मिलरचा म्हातारा बॅटमन आला तो चांगल्या जाड कागदावर, चौकोनी पुठ्ठाबांधणीत, लिन व्हार्लीच्या हातच्या रंगांत. इतर अंक ७५ सेंटला असताना हा २.९५ डॉलरला. त्यात रात्र रात्रीसारखी दिसते, तपकिरी-करडे पापुद्रे दिसतात. हिरो उदास झाले ते काळ बदलला म्हणून, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. उदासी छापता येऊ लागली, हे उरलेलं अर्धं.

पुढे १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं. अंक काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. लोकांनी दोन-दोन घेतले, एक फोडायला, एक ठेवायला. लाखांनी छापला, लाखांनी जपला, म्हणून आज त्याला भाव नाही. १९३८ च्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, कारण दहा सेंटचा तो अंक पोरांनी वाचून फाडला आणि आयांनी रद्दीत घातला. फेब्रुवारीतली हापूसची पहिली पेटी आणि मे अखेरचा ढीग, यातला फरक बागायतदाराला सांगावा लागत नाही.

आणि जपणं म्हणजे पिशवीत घालणं नव्हे, निदान या किनाऱ्यावर तरी नाही. इथं पहिली जाते ती पिन. खाऱ्या हवेनं ती गंजते, गंज कागदात उतरतो, आणि मधलं पान हातात येतं. असा जुना अंक असेल तर आधी मधलं पान उघडून पिनेचे वळलेले पाय बोथट पात्यानं सरळ करा, मग बाहेरून पिन ओढा, आणि त्याच भोकांतून स्टेनलेस पिन किंवा मेण न लावलेला सुती दोरा घाला. नवी भोकं पाडू नका. सेलोटेप लावू नका; पाच-सात पावसाळ्यांत चिकटा पिवळा होऊन कागदात झिरपतो. साधी पीव्हीसीची पिशवी कागदाला चिकटते, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पाठीशी आम्लमुक्त पुठ्ठा घाला. डब्यात सिलिका जेल ठेवलं तर निळे दाणे गुलाबी झाले की ते दमट झालेत, ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या कसरीला पळवतात, पण त्यांचा वास कागद कायमचा धरून ठेवतो. आणि अंक भिजलाच तर उन्हात टाकू नका. न्यूजप्रिंट असेल तर पानांमध्ये टीपकागद घालत, दर तासाला बदलत, पंख्याखाली तो सुकतो. सुरकुततो, पण वाचता येतो. गुळगुळीत कागदाचे नवे अंक भिजले की पानांवरचा मातीचा लेप पाघळतो आणि सुकताना त्याची वीट होते. ओली असतानाच पानं सुटी केली नाहीत तर ती नंतर सुटत नाहीत. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा स्वस्तातला वेताळ कोकणातला पूर सोसतो, आणि कालचा महागडा बॅटमन एका गळक्या कौलाखाली जातो.

२०११ मध्ये सुपरमॅनची वरून घातलेली लाल चड्डी काढून टाकली, आधुनिक दिसावा म्हणून. चित्रकारांची पंचाईत झाली: छातीपासून बुटांपर्यंत निळाच निळा, मध्ये डोळा थांबायला फारसं काही नाही. २०१८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली. दशावतारातही आता ट्रिकसीन आले, धूर आला, लाल-निळे दिवे आले. शेला नि मुकुट कुणी काढलेला नाही. वेतोबाची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. पायताणं चामड्याचीच वाहतात.

त्या दिवशी निघताना मुलानं चपलेच्या कडेला हात लावून वितीनं माप घेतलं, पुटपुटत, दोनदा. बाहेर पायरीशी आजोबा वहाणा शोधत होते. पोरानं आपली निळी रबरी स्लीपर उचलून उलटी केली आणि टाचेखाली बोट फिरवून पाहिलं. एका कडेला नक्षी पार गुळगुळीत झाली होती. "आजोबा, माझी पण झिजली," तो म्हणाला. "चल, यष्टी चुकतली," आजोबा म्हणाले.